काट्यावर मोजलेला अजिनोमोटो

दोन वर्षं आमच्या घरात ठेल्यावरचं चायनीज बंद होतं. बंद मीच केलं होतं.

भाचीच्या वाढदिवसाला आम्ही सगळे नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या एका ठेल्यावर गेलो. बाबांनी आवडीने प्लेटभर नूडल्स आणि वर मंचुरियन खाल्लं. रात्री अकराला त्यांचं डोकं ठणकायला लागलं, मान जड, चेहरा लालबुंद. मी लगेच सांगून टाकलं, ती पांढरी पावडर भोवली. अजिनोमोटो म्हणजे विष, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्या रात्री कोणी बाबांचं बीपी मोजलं नाही. पावडरीचं नाव सापडलं आणि आम्ही तिथेच थांबलो.

गेल्या उन्हाळ्यात बाबांना चक्कर आली, बीपी १८०/१००. डॉक्टरांनी बाकी काही विचारायच्या आधी विचारलं, "ताटात पापड-लोणचं किती असतं?" रोज दोन पापड, आंब्याचं लोणचं, दह्यावर वरून मीठ, रविवारी सावजी रस्सा. सांगता सांगता माझा आवाज बसला.

आमचं इतवारीच्या सराफ्यात छोटं दुकान आहे. तिथे दहा मिलीग्राम इकडचं तिकडे झालं तर गिऱ्हाईक विचारतं. आणि बाबांच्या पोटात काय जातं, ते मी एकदाही मोजलं नव्हतं. म्हणून एक दिवस दुपारी, गर्दी नसताना, दुकानातला छोटा काटा घेऊन त्याच ठेल्यावर गेलो.

"काऊन जी भाऊ, कोणाची कंप्लेन आली का?" तो घाबरलाच.

"नाही रे. तू रोज टाकतो तसंच टाक, फक्त कढईऐवजी या कागदावर."

त्याने पळीचं टोक अजिनोमोटोच्या डब्यात बुडवून कागदावर झटकलं. तीन वेळा करायला लावलं. ०.७, ०.९, ०.८ ग्रॅम. साखरेपेक्षा बारीक, लांबट, चमकणारे दाणे. मग मीठ: ३.१ ग्रॅम. त्यावर सोया सॉस बाटलीतून सरळ, तोही चमचाभर. "हे आपण कधी पाहूनच नाही राहिलो," तो म्हणाला, "हात चालते तसं टाकतो."

आता हिशेब. मिठात सोडियम ३९ टक्के, अजिनोमोटोत साधारण १२ टक्के. म्हणजे त्या प्लेटमध्ये पावडरीतून आलं ०.१ ग्रॅम सोडियम आणि मिठातून १.२ ग्रॅम. सोया सॉसचा एक मोठा चमचा आणखी पाऊण-एक ग्रॅम घालतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला सोडियम २ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. बाबांचा दिवसभराचा वाटा एका प्लेटमध्ये संपत होता, आणि मी बोट दाखवत होतो नेमकं सगळ्यात कमी सोडियम घालणाऱ्या डब्याकडे.

मग या पावडरीची बदनामी कुठून सुरू झाली ते शोधलं. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून या पावडरीची चव वेगळी काढली आणि तिला उमामी म्हटलं. पिकलेल्या टोमॅटोत आणि आईच्या दुधातही हेच ग्लुटामेट, म्हणजे या चवीचा मूळ घटक, असतं. कारखान्यात आता ते उसाची मळी किंवा स्टार्च जिवाणूंकडून आंबवून करतात. १९६८ मध्ये रॉबर्ट हो मॅन क्वोक या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं, की चायनीज खाल्ल्यावर मान बधिर होते, धडधडतं. कारण सोया सॉस असेल, स्वयंपाकातली वाईन असेल, ही पावडर असेल, नाहीतर जास्तीचं मीठ असेल, असे त्यांचे अंदाज होते. मीठ त्या पत्रातच होतं! लोकांनी उचललं फक्त पावडरीचं नाव.

पुढे नवजात उंदरांना मोठे डोस टोचून मेंदूला इजा झालेली दिसली, त्याची भीती अजून फिरते. पण जेवणातलं बहुतेक ग्लुटामेट आपली आतडीच ऊर्जेसाठी वापरून टाकतात.

काही माणसांना त्रास होतोच, ते मी खोटं म्हणणार नाही. अमेरिकेतल्या १९९५ च्या अहवालात म्हटलं आहे की ३ ग्रॅम किंवा जास्त, तेही अन्नाशिवाय घेतलं, तर काहींना थोडा वेळ डोकेदुखी, बधिरपणा, धडधड होऊ शकते. ज्याला होतं त्याने टाळावं. आणि लहान मुलांची मात्र मला खरंच काळजी वाटते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये दिवसाची मर्यादा सांगितली, वजनाच्या दर किलोमागे ३० मिलीग्राम. भाची सोळा किलोची. तिच्यासाठी ते होतं अर्ध्या ग्रॅमच्याही आत. ठेल्यावरची पूर्ण प्लेट तिने एकटीने खाल्ली की ती मर्यादा ओलांडली. म्हणून तिला आता आमच्यातलं दोन-चार घास. पाकीट घेताना मागे ६२१ हा अजिनोमोटोचा आकडा बघतो, पण त्याआधी सोडियमची ओळ वाचतो.

चायनीज परत सुरू केलं आहे, महिन्यातून एकदा. ठेलेवाला न सांगता सोया सॉस अर्धा करतो. बाबा अर्धी प्लेट खातात. घरी पापडाचा डबा माळ्यावर ठेवला आहे. जेवायला बसले की बाबा अजूनही विचारतात, आणि आठवड्यातून एक पापड मी काढून, भाजून त्यांच्या ताटात ठेवतो.