रॅमची लानोस टाकी: फेब्रुवारी ते जुलैच्या नोंदी

टाकी 36 × 18 × 15 इंचांची, काच 8 मिमी. पाणी 12 इंचांपर्यंतच, वाळू-लाकूड वजा जाता साधारण 110 लिटर. जागा भुसावळ, तळमजल्यावरची उत्तरेकडची खोली. ठरवलेले मासे: रॅमच्या दोन जोड्या, कार्डिनल टेट्रा 15, कोरिडोरास हॅब्रोसस 8.

खानदेशात रॅमसारखे ड्वार्फ सिक्लिड (सिक्लिड कुळातले बुटके मासे) पाळायचे म्हणजे दोन गोष्टींशी गाठ: बोरचं जड पाणी आणि मे महिना. बोरचं पाणी बघून बरेच जण आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या, शंखांत राहणाऱ्या सिक्लिडांकडे वळतात. पाण्यापुरतं ते बरोबर आहे, त्यांना हेच पाणी जसंच्या तसं चालतं. पण ते मासे 24 ते 27 अंशांचे. मे महिन्यात ते तापमान राखायचं तर चिलर नाहीतर दिवसभर एसी. रॅमचं नेमकं उलट. पाणी बनवावं लागतं, पण 28-30 अंशांत तो खुशीत असतो. पाणी आरओने बनतं, त्याचा खर्च झेपतो. खोलीभर थंडावा विकत घेणं झेपत नाही. म्हणून रॅम.

मिक्रोजिओफॅगस रामिरेझी (रॅमचं शास्त्रीय नाव) हा मासा व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या लानोसचा, म्हणजे ओरिनोको खोऱ्यातल्या गवताळ मैदानांचा. 1948 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, नाव मॅन्युएल रामिरेझ या संग्राहकावरून. पावसाळ्यात ही मैदानं पाण्याखाली जातात आणि डिसेंबर ते मार्च कोरडी पडतात. मग मासे उरलेल्या उथळ, कोमट डबक्यांत आणि मोरिचे ताडांच्या कडेने वाहणाऱ्या संथ ओढ्यांत राहतात. उन्हाळ्यात अनेर किंवा सुकी नदीचे डोह पाहिलेत तर आकार-उकार लगेच कळेल. फरक पाण्याचा आणि वाळूचा. तिथली वाळू फिकट, गारगोटीची. पाणी इतकं मऊ की त्यात चुना जवळजवळ नाहीच.

8 फेब्रुवारी. वाळू.
गिरणेची वाळू फुकट मिळत होती, ती बाद केली. टोपलीभर वाळू धुऊन सुकवली आणि तिच्यावर टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड टाकलं तर चांगलीच फसफसली. त्यात चुनखडीचे कंकर आणि शिंपल्यांचा चुरा असतो. अशी वाळू टाकीत गेली की केएच (पाण्यातल्या कार्बोनेटांचं माप) रोज थोडा चढतो आणि आरओवर केलेला खर्च पाण्यात जातो, अगदी शब्दशः. लिंबाने चाचणी करू नका, इतक्या सौम्य आम्लात बारीक कंकर फसवतात. अ‍ॅसिड मात्र उघड्यावर, हातमोजे घालूनच हाताळा.

स्विमिंग पूलच्या फिल्टरची गारगोटी वाळू घेतली, दाणा 0.4 ते 0.8 मिमी. 25 किलोच्या एका पोत्यात 4 सेंमीचा थर झाला. याहून जाड थर नको. रॅम आणि कोरिडोरास चाळतात ते वरचे एक-दोन सेंटिमीटर, खाली गाळ कुजत राहतो. पाणी गढूळ न होईपर्यंत धुतली, आठ-नऊ वेळा. दगड एकही नाही. काळा कातळ घरामागेच पडलेला असतो म्हणून टाकीत घालायचा मोह होतो, पण या ओढ्यांत दगड जवळपास नसतातच.

11 फेब्रुवारी. लाकूड आणि पाला.
लाकूड पेरूचं. पेरू मुळात उष्णकटिबंधीय अमेरिकेतला, त्यामुळे बायोटोपवाल्यांच्या (माशाच्या मूळ जागेसारखी टाकी करणाऱ्यांच्या) पंक्तीतही त्याला कुणी नाव ठेवणार नाही. वाळलेल्या फांद्या साल काढून ड्रममध्ये बुडवून ठेवल्या, वर वीट. तीन आठवडे लागतील. पाला: जंगली बदामाची पडलेली लाल-तपकिरी पानं 8, पेरूची 40 च्या आसपास. बदाम आशियातला आहे हे मान्य, पण तळाशी पडलेला त्याचा जाड पाला दिसतो बरोबर आणि टॅनिन देतो भरपूर. ताडाच्या वाळक्या पानाच्या दोन-तीन पट्ट्या मोरिचेच्या जागी.

कोणता पाला नको, हे जास्त महत्त्वाचं. सीताफळ अमेरिकेतलंच, पण त्याच्या पानांत-बियांत कीटकनाशक द्रव्य असतं, उवांना बिया वाटून लावतात ते उगाच नाही. कण्हेर, रुई, निलगिरी, कडुनिंब नकोच. कपाशीच्या पऱ्हाट्या दिसायला सुरेख आणि अगदी फुकट, पण त्यांनी हंगामभर फवारणी प्यायलेली असते. कपाशी किंवा केळीच्या शेताला लागून असलेल्या झाडाचा पालाही घेऊ नये, फवारा वाऱ्याने बांधापलीकडे जातो. पाला अंगणातल्या झाडाचा, जमिनीवर पडलेला आणि पूर्ण वाळलेला. हिरवा तोडून वाळवलेला लवकर सडतो.

15 फेब्रुवारी. सायकल, म्हणजे फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवणं, पण बोरच्या पाण्यात.
बोरचं पाणी: जीएच (एकूण कठीणपणा) 24, केएच 16, टीडीएस (विरघळलेले क्षार) 780. टाकी सरळ यानेच भरली. अनेक जण पहिल्याच दिवशी मऊ पाणी भरतात आणि महिनाभर सायकल का होत नाही म्हणून डोकं धरतात. अमोनियाचं नायट्रेट करताना जिवाणू पाण्यातला केएच खातात. केएच 2 असला तर तो आठवड्यात संपतो, पीएच कोसळतो आणि काम थंडावतं. म्हणून जिवाणू आधी जड पाण्यात वाढवायचे आणि मग पाणी बदलायचं.

हवेच्या पंपावर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टर. कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) मुद्दाम टाळला: लानोसच्या टाकीला प्रवाह नको, आणि लोडशेडिंगमध्ये बंद डब्यातले जिवाणू ऑक्सिजनवाचून मरतात. स्पंज उघड्या पाण्यात असतो, तग धरतो. 5 वॅटचा पंप इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो.

अमोनियासाठी अमोनियम क्लोराइड 0.7 ग्रॅम, म्हणजे 110 लिटरला 2 मिग्रॅ प्रति लिटर. कल्हईवाल्याकडचा नवसागर हेच रसायन आहे, पण त्याच्या शुद्धतेचा भरवसा नाही, प्रयोगशाळेच्या दर्जाचं आणलं. हीटर 100 वॅट, 29 अंशांवर.

13 मार्च. पाणी बदल.
अमोनियाचा डोस टाकल्यावर 24 तासांत अमोनिया आणि (त्यापासून मध्ये बनणारं) नायट्राइट दोन्ही शून्य, सलग तीन वेळा. पाणी वाळूपर्यंत उपसलं आणि 100 लिटर आरओ + 10 लिटर बोर भरलं. मोजमाप: जीएच 3, केएच 2 ते 2.5, टीडीएस 98. लाकूड आणि पाला आज आत.

घरच्या आरओबद्दल एक सूचना. बहुतेक मशिनांत चव यावी म्हणून कच्चं पाणी मिसळणारा स्क्रू असतो, कधी वर खनिजांची नळीही. स्क्रू बंद करा, पाणी त्या नळीच्या आधी काढा आणि टीडीएस मीटर लावा. इथे 30 आलं. 20 लिटरचे जार आणणाऱ्यांनी प्रत्येक जार मोजावा. एकाच प्लांटचे दोन जार 40 आणि 110 दाखवतात. क्लोरीनची शंका असली तर रात्रभर हवा द्या.

24 मार्च. झाडं.
अ‍ॅमेझॉन सोर्ड 3, वर तरंगणारी साल्व्हिनिया, निम्मा पृष्ठभाग झाकेल इतकीच. लाइट 18 वॅट, 7 तास. लाकडावर पांढरी बुरशी आली आहे, पुसत बसू नका, दोन-तीन आठवड्यांत जाते. सोर्डच्या मुळाशी मत्स्यटाकीसाठीच्या खताच्या गोळ्या. घरात 19:19:19 चं पोतं असतंच, पण ते इथे नको: त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो.

नदीतली जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेचीच, त्यामुळे कागदावर ती चालते. पण तिच्या मुळांत चतुराच्या अळ्या येतात, आणि त्या रॅमची पिल्लं एकेक करून संपवतात. आणायचीच तर पोटॅशियम परमँगनेट 10 मिग्रॅ प्रति लिटरच्या पाण्यात 10 मिनिटं बुडवा आणि मुळं हाताने चाळा. छाटलेली जलपर्णी गटारात किंवा ओढ्यात टाकू नये, वाळवून जाळावी.

6 एप्रिल. मासे.
पीएच 6.5 वर स्थिर. मासे चेन्नईच्या कोळत्तूरहून आलेल्या मालातले. दुकानातल्या टाकीचा टीडीएस 640, आपला 98. अर्धा तास पिशवी तरंगवून सोडले असते तर आठवड्यात निम्मे गेले असते, कारण टीडीएस असा एकदम उतरला की माशाच्या शरीरातला क्षारांचा तोल जातो. वेगळ्या 40 लिटरच्या टाकीत 600 च्या पाण्यात सुरुवात, दर दोन दिवसांनी 4 लिटर बदलून त्या जागी आरओ. टीडीएस 150 च्या आसपास यायला साधारण चार आठवडे लागतात.

रॅम निवडताना: पोट खपाटीला गेलेला, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा घेऊ नका. लहान वयातच झगमगीत रंगाचे आणि सगळेच नर वाटणारे मासे बहुधा हार्मोन दिलेले असतात, महिनाभरात फिके पडतात आणि अंडी फळत नाहीत. मादी ओळखायची ती पोटावरच्या गुलाबी छटेने आणि कुशीवरच्या काळ्या ठिपक्यात चमकणाऱ्या निळ्या कणांनी. नराचा ठिपका साधा काळा. बलून, गोल्ड, इलेक्ट्रिक ब्लू हे निवडीने केलेले प्रकार, बायोटोपमध्ये त्यांचं काम नाही.

एका मादीला दोरीसारखी विष्ठा दिसली. मेट्रोनिडॅझोल 400 मिग्रॅची गोळी 60 लिटरला या प्रमाणात, एक दिवसाआड तीन वेळा, दर वेळी आधी पाव पाणी बदलून. औषध खाण्यातून गेलं तर जास्त लागू पडतं, म्हणून मासा खात असेपर्यंतच उपचार सुरू करावा.

रेड फँटम टेट्राही ओरिनोकोचाच, पण थंड पाण्याचा. 29 अंशांच्या टाकीत तो आधी रंग सोडतो, मग जीव. नदी एक असली तरी सगळ्यांचं तापमान एक नसतं.

4 मे. सगळे मोठ्या टाकीत. कार्डिनल 15 पैकी 13 उरले.

12 मे. ऊन.
खोली 37, दुपारी 4 ला पाणी 33.2. हीटर काढून ठेवला आहे. पृष्ठभागावर तिरके लावलेले 120 मिमीचे दोन 12 व्होल्टचे पंखे सुरू केल्यावर 29.6. खानदेशची हवा कोरडी, त्यामुळे इथे पंख्यासारखा स्वस्त चिलर नाही. काचेचं झाकण काढून मच्छरदाणीची जाळी बांधली. कोरिडोरास मात्र 30 च्या वर धापा टाकतात. 25 अंशांना पाण्यात 8.3 मिग्रॅ ऑक्सिजन मावतो, 34 ला 7.1, त्यामुळे दुपारचं खाणं बंद, सकाळ-संध्याकाळ थोडं. बर्फाच्या बाटल्या नकोत. दोन तासांत चार अंश खाली आणि रात्री पुन्हा वर, या झोक्यातच माशांवर पांढरे ठिपके येतात.

पंख्यांनी रोज 3 लिटर पाणी उडतं. ही भर नुसत्या आरओने घालायची. हिशोब असा: बोरने भरलं तर महिन्याला 90 लिटर, म्हणजे केएचमध्ये 13 ची भर. तयार मिश्रणाने भरलं तरी महिन्याला 2. क्षार उडत नाहीत, पाणी उडतं. उन्हाळ्यात रॅम अचानक आजारी पडतात अशी तक्रार येते, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा: भर कशाने घालता?

28 मे. खाणं.
आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारीक कोळंबीसारखा जीव) याची ताजी पिल्लं, डॅफ्निया (पाणपिसू), आठवड्यातून दोनदा डासांच्या अळ्या. अळ्या स्वतः ठेवलेल्या बादलीतल्याच घ्या. सार्वजनिक हौदांत आणि डबक्यांत अळीनाशक टाकलेलं असतं.

19 जून. अंडी.
पावसाचा पहिला जोर आला, त्याच रात्री 30 लिटर पाणी बदललं, दोन अंश थंड. तिसऱ्या दिवशी डाव्या कोपऱ्यातल्या जोडीने सोर्डच्या आडव्या पानावर अंडी घातली, दीडशेच्या आसपास. सकाळी पान रिकामं. पहिल्या दोन-तीन खेपा अशाच जातात, आईबाप शिकाऊ असतात, आणि कोरिडोरास रात्री अंड्यांवर ताव मारतात. दुसरी जोडी लाकडाच्या पलीकडे. एकमेकांची नजर पडणार नाही इतकं मोठं लाकूड मध्ये नसतं, तर तीन फुटांत दोन जोड्या राहिल्या नसत्या.

3 जुलै. दुसरी खेप, यावेळी वाळूत खड्डा करून. कोरिडोरास वेगळे काढले. 29 अंशांना साधारण अडीच दिवसांत अंडी फुटली, पिल्लं खड्ड्यात वळवळत आहेत. अजून दोन-तीन दिवसांनी पोहू लागतील. हवा दमट झाल्यापासून पंख्यांचा परिणाम जेमतेम एक अंश, पाणी 29.8. रोजची भर एक लिटरवर आली आहे. आर्टेमियाची बाटली आज रात्री लावायची, कारण अंडी फुटायला 24 तास लागतात आणि पोहू लागलेल्या पिल्लांना त्याच दिवशी खाणं हवं.