वार्षिक रिपोर्ट नको, कच्चा डेटा द्या

पाणी पुरवणाऱ्या संस्था, मग खासगी असोत नाहीतर सरकारी, दरवर्षी एक चकाचक रिपोर्ट काढतात. कव्हरवर निळंशार पाणी, आत कुठेतरी एक ओळ की अमुक टक्के सॅम्पल पास, झालं, पारदर्शकता आटोपली. उरलेले सॅम्पल कुठल्या भागातले, कधीचे, परत तपासले का, हे विचारायला गेलात की अर्ज करा, वाट बघा आणि शेवटी हातात काय तर तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ, जिच्यातून एक आकडा धड कॉपी होत नाही.

मी एवढा कच्च्या डेटाच्या मागे का लागतो तर फ्लिंटमुळे. अमेरिकेत मिशिगनमधलं हे शहर, 2014 च्या एप्रिलमध्ये तिथलं पाणी नदीवरून घ्यायला सुरुवात केली, पाइप गंजू नयेत म्हणून जे केमिकल घालतात ते घातलंच नाही आणि जुन्या पाइपांतलं शिसं नळात उतरायला लागलं. तिथला नियम असा की सगळे सॅम्पल चढत्या क्रमाने लावायचे आणि नव्वद टक्क्यांवर जो आकडा येईल तो 15 पीपीबीच्या (म्हणजे अब्ज भाग पाण्यात 15 भाग शिशाच्या) वर जायला नको. 2015 च्या पहिल्या सहामाहीत सॅम्पल होते 71, फायनल रिपोर्टमध्ये उरले 69. गळालेल्या दोनपैकी एक तब्बल 104 पीपीबीचा! का काढला, तर म्हणे त्या घरात फिल्टर बसवलेला आहे. दोन्ही धरले तर आकडा 15 च्या वर, काढले की 11. आता 11 हा आकडा गणिताने बरोबरच आहे हो, फक्त तक्त्यातल्या दोन ओळी गायब. रिपोर्टचा ड्राफ्ट आणि फायनल शेजारी ठेवल्यावर हे दिसलं, नुसता फायनल बघून कुणाच्या बापाला कळलं नसतं.

इंग्लंडमध्ये उलटी गंमत. तिथल्या खासगी पाणी कंपन्या आधी म्हणायच्या की पर्यावरण माहितीचा कायदा, म्हणजे लोकांनी मागितली की माहिती द्यायला लावणारा, आम्हाला लागूच नाही, 2015 मध्ये ट्रायब्युनलने सांगितलं लागू आहे. पुढे जोराच्या पावसात सांडपाणी थेट नदीत सोडणारे जे ओव्हरफ्लो असतात त्यांच्यावर सेन्सर बसले आणि आकडे बाहेर आले, सगळे ओव्हरफ्लो मिळून 2022 मध्ये सुमारे 17.5 लाख तास वाहिले, 2023 मध्ये सुमारे 36 लाख तास. (2023 ला पाऊस जास्त होता हेही खरं, नुसता दुप्पट दुप्पट म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.) पण हा डेटा उघडून बसलं की कळतं, सेन्सर फक्त किती वेळ वाहिलं ते सांगतो, किती लिटर ते नाही. आणि मोजायची पद्धत तर बघा, पहिल्या 12 तासांत कितीही वेळा वाहिलं तरी ती एकच घटना, त्यानंतर दर 24 तासांच्या तुकड्यात वाहिलं तर आणखी एकेक. त्यामुळे पाच मिनिटं वाहिलेला आणि सलग बारा तास वाहिलेला, दोघांच्या नावावर एकेकच. म्हणून कुणी 'घटना कमी झाल्या' असं सांगत आलं की मी आधी तासांचा कॉलम बघतो, आणि त्याच्याही आधी सेन्सर वर्षातला किती काळ चालू होता तो कॉलम. बंद सेन्सर शून्यच दाखवणार ना!

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट परत अमेरिकेतलीच. तिथे पाणीपुरवठा संस्थांना ऑक्टोबर 2024 पर्यंत प्रत्येक कनेक्शनचा पाइप कशाचा आहे याची यादी करून लोकांसमोर ठेवायची होती आणि त्यात 'माहीत नाही' हा रीतसर प्रकार आहे. काही ठिकाणी तोच ढीग मोठा निघाला. चालेल की, निदान कुठे खणून बघायचं ते तरी कळतं.

विरोध करणारे सिक्युरिटी आणि प्रायव्हसी पुढे करतात, आणि थोडं बरोबरही आहे, स्मार्ट मीटरचे अर्ध्या अर्ध्या तासाचे आकडे उघडे टाकले तर कुठलं घर चार दिवस रिकामं आहे ते चोरालाही कळेल, ते एरियाप्रमाणे एकत्र करूनच द्यावेत. पंपिंग स्टेशनचे आतले नकाशेही नका देऊ. पण सॅम्पलची तारीख, एरिया आणि निकाल एका साध्या सीएसव्हीत (एक्सेलमध्ये सरळ उघडणाऱ्या तक्त्याच्या फाइलीत) टाकल्याने नेमकं कुणाचं घर फुटणार आहे ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.