विकणाराच म्हणाला, आधी एमओटी बघा

इंग्लंडमध्ये सेकंड हँड गाडी शोधताना मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते एका सरकारी वेबसाइटने. गाडीचा नंबर टाकायचा, बस्स. ना लॉगिन, ना ओटीपी, ना फी. इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची एमओटी, म्हणजे ती रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का याची तपासणी करावी लागते, आणि २००५ पासूनच्या तपासण्यांचे निकाल या साइटवर कुणालाही वाचता येतात. पास की नापास, कशामुळे नापास, त्या दिवशी मीटरवर किती मैल होते, सगळं.

हा मैलांचा आकडा फार मोलाचा आहे. मीटर मागे फिरवणारे इथेही आहेत, साहेबांचा देश म्हणून ते सगळे साधू नाहीत. पण दरवर्षी आकडा नोंदला जातो, त्यामुळे गेल्या वर्षीपेक्षा कमी मैल दिसले की चोरी तिथल्या तिथे पकडली जाते. आपल्याकडे ‘वाहन’ या सरकारी साइटवर विमा दिसतो, पीयूसी दिसते, कर्जाचा बोजा दिसतो. गाडी किती पळाली ते मात्र विकणारा सांगेल तेच. पीयूसीवाला नंबरप्लेटचा फोटो काढतोच ना? मग त्याच वेळी मीटरचाही काढून चढवायला काय हरकत आहे? हे आपल्याकडे व्हायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

डीलरकडे मला आवडली ती नंबरप्लेटवर ६६ असलेली, म्हणजे सप्टेंबर २०१६ ते फेब्रुवारी २०१७ मधली हॅचबॅक. मी पुढे काही विचारण्याआधी सेल्समनच म्हणाला, ‘एमओटी बघितलीत का? आधी बघून घ्या.’ तिथेच उभं राहून बघितली. लागोपाठ तीन वर्षं एकच शेरा: ऑईल गळतंय, पण जास्त नाही. शेवटच्या वर्षी त्यात मागच्या ब्रेक पाइपच्या गंजाची भर. हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खालून गाडी खातं. ओल्या जमिनीवर गुडघे टेकून मोबाइलचा टॉर्च मारला, तर वरून आरशासारख्या चमकणाऱ्या गाडीच्या पोटाशी पाइपावर तांबूस पापुद्रे सुटलेले. सेल्समनने आढेवेढे घेतले नाहीत. ‘हो, ते आहे,’ एवढंच म्हणाला. त्याच्या या वागण्याचं मला आजही कौतुक वाटतं.

पण म्हणून आपल्या माणसांना कमी लेखायचं कारण नाही. एमओटीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची तब्येत तपासत नाहीत. दुसऱ्या गाडीचे कागद अगदी स्वच्छ होते. सांगलीच्या आमच्या गॅरेजवाल्या काकांनी बजावून ठेवलं होतं, ‘बॉनेटला हात लावून बघ, गार असेल तरच चालू करायला सांग.’ गार होतं. व्हिडिओ कॉल लावून फोन इंजिनपाशी धरला. सुरू होताच खडखड खडखड, आणि थोड्या वेळाने सगळं शांत. ‘टायमिंग चेन सैल झालीय बाळा, सोड ती,’ काका म्हणाले. हजारो मैलांवरून! इथे असा तज्ज्ञ पाहिजे तर आधी वेळ ठरवा, पैसे भरा, मग तो येऊन छापील रिपोर्ट देणार. काकांनी वडिलांच्या स्कूटरपासून आमच्या घरातलं प्रत्येक वाहन पाहिलंय.

तिसरी घेतली. घरून विचारणा झालीच, थेट मालकाकडून घेतली असतीस तर स्वस्त पडली असती ना? पडली असती. पण डीलरकडून घेतलेल्या गाडीत मूळचा दोष निघाला, तर ३० दिवसांत गाडी परत करून पूर्ण पैसे मागता येतात. २०१५ च्या ग्राहक कायद्याने तो हक्क दिलाय. खासगी माणसाकडून घेतली की हे संरक्षण नाही. लहान मुलं मागे बसणार असताना त्यासाठी चार पैसे जास्त मोजले, यात मला काही वावगं वाटत नाही. आता या महिन्यात ती मोटरवेवर, चढावर, पावसात, सगळीकडे पळवून बघणार आहे. आणि दर रविवारी सकाळी, गाडी गार असताना, काकांना आवाज ऐकवायचं ठरलंय.