बोली वाढवत बसलो, खोट पानात होती

एक्सेलच्या ऑनलाइन कोर्सची जाहिरात गूगल अ‍ॅड्सवर मी स्वतःच चालवतो. मधे क्लिक इतके महागले की दिवसाचं बजेट दुपारीच संपायचं. मी शहाण्यासारखी बोली, म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा, वाढवली. जाहिरात थोडी वर सरकली आणि बजेट सकाळीच संपायला लागलं.

मग एकदाचा क्वालिटी स्कोअरचा, म्हणजे गूगल प्रत्येक कीवर्डला (ज्या शोधशब्दावर जाहिरात दाखवायची त्याला) देतं त्या दर्जाच्या गुणांचा, कॉलम लावला. तो आपला आपण दिसत नाही, जोडून घ्यावा लागतो. १० पैकी ४! हा आकडा तीन गोष्टींवर ठरतो: क्लिक मिळण्याची शक्यता, जाहिरात शोधाशी किती जुळते आणि लँडिंग पेजचा, म्हणजे क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानाचा, अनुभव. पहिल्या दोन्हींपुढे ‘सरासरी’ होतं, तिसऱ्यापुढे ‘सरासरीपेक्षा कमी’. ही तुलना गेल्या ९० दिवसांत त्याच शोधावर जाहिरात दाखवणाऱ्या इतरांशी असते. स्कोअरचा आकडा थेट लिलावात वापरत नाहीत, पण दर शोधाला जाहिरातींच्या जागांसाठी होणाऱ्या लिलावात जाहिरातीचा आणि पानाचा दर्जा बोलीबरोबर मोजला जातोच. दर्जा कमी असेल तर तीच जागा जास्त पैसे देऊन घ्यावी लागते. मी नेमकं तेच करत होतो.

पान मी कायम लॅपटॉपवरच बघायचो. त्या दिवशी पहिल्यांदा फोनवर उघडलं आणि लाज वाटली. जाहिरातीत ‘पिव्होट टेबल शिका’ (एक्सेलमधली आकड्यांचा सारांश काढायची सोय), आणि क्लिक केलं की थेट होमपेज. आधी बॅनरचा फोटो हळूहळू उतरतोय, तेवढ्यात ईमेल मागणारा पॉपअप. तो बंद करायची फुली बोटाखाली येईना. पिव्होट हा शब्द दिसायला चारदा स्क्रोल करावं लागलं. फॉर्ममध्ये नऊ रकाने, त्यात जन्मतारीख. ती कशाला हवी होती, मलाच आठवेना.

पिव्होटसाठी वेगळं पान केलं. मथळ्यात लोक शोधतात तेच शब्द घेतले. पॉपअप काढला, फॉर्ममध्ये नाव आणि ईमेल एवढंच ठेवलं. बॅनरचा फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवला होता, तो लहान केला. पानाचा वेग मोजणाऱ्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये मुख्य भाग दिसायला लागणारा वेळ २.५ सेकंदांच्या आत आला. फी तळाशी दडवली होती, तीही वर आणली. तिच्यामुळे स्कोअर वाढला असं मी म्हणणार नाही, पण ‘फी किती?’ विचारणाऱ्या मेल थांबल्या.

यापुढचं काम सगळ्यात अवघड, म्हणजे काहीच न करणं. बोलीला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, तरी रोज आकडे उघडून बघायचोच. काही आठवड्यांनी लँडिंग पेजपुढे ‘सरासरी’ आलं, पुढे ‘सरासरीपेक्षा जास्त’. स्कोअर ७ झाला आणि त्याच बोलीत क्लिक स्वस्त पडू लागले. बजेट संध्याकाळपर्यंत पुरायला लागलं.

सगळे कीवर्ड मात्र सुधारले नाहीत. ‘एक्सेल फ्री डाउनलोड’ तिथेच अडून होता. त्या माणसाला सॉफ्टवेअर हवंय, माझं पान कितीही चकचकीत केलं तरी त्याच्या काय कामाचं? तो कीवर्ड बंद केला आणि ‘डाउनलोड’ निगेटिव्ह यादीत, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायचीच नाही अशा शब्दांत, टाकला.