जीटीआयला ऑल-सीझन टायर घेतले त्याची गोष्ट (माझा अनुभव)

माझी गाडी २०१९ ची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, सहा गिअरची मॅन्युअल, आणि मी राहतो न्यू जर्सीत, एडिसनच्या बाजूला. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा आधीच्या मालकाने तिला समर टायर घातलेले होते, म्हणजे फक्त उन्हाळ्यातले, आणि पहिला उन्हाळा काय मजा आली राव, हायवेच्या रॅम्पवर स्टिअरिंग जरा वळवलं की गाडी लगेच त्या बाजूला, विचार करायला वेळच नाही. मग नोव्हेंबर लागला. सकाळी पारा ४५ फॅरेनहाइटच्या खाली, म्हणजे साधारण ७ डिग्री सेल्सियसच्या खाली जायला लागला आणि ते रबर फ्रिजमधल्या लोण्यासारखं कडक व्हायचं, रस्ता अगदी कोरडा असला तरी सिग्नलवरून निघताना पुढची चाकं जागेवर फिरायची. बर्फात तर समर टायरवर जाणं म्हणजे वेडेपणाच.

त्यात पुढचे दोन टायर संपत आलेले. इथे नक्षीची खोली इंचाच्या बत्तिसाव्या भागात मोजतात, नवा टायर १०/३२ च्या आसपास असतो आणि २/३२ म्हणजे १.६ मिलिमीटरवर आला की कायद्याने बाद. मोजायला एक सेंटचं नाणं नक्षीत उलटं घालायचं, लिंकनचं अख्खं डोकं दिसलं तर टायर गेला. माझ्या पुढच्या टायरांवर केसांपर्यंत दिसत होतं. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, टर्बो इंजिन, पुढचे टायर आधी टकले होणारच.

पुण्याला दादाशी बोलताना हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे टायरच घ्यायचेत ना, दुकानात जा, साइज सांग, टाकून ये, त्यात एवढा काय विचार." त्याचंही बरोबर आहे, तिकडे थंडी अशी नसतेच की रबर कडक होईल, पाऊस चार महिने, बाकी कोरडं, एकच टायर सगळीकडे चालतो. इकडे जुलैत ९५ फॅरेनहाइट आणि जानेवारीत शून्याच्या खाली सेल्सियस, आणि पाऊस चार महिने नाही तर बारा महिने थोडा थोडा. हा पावसाचा मुद्दा मला पुढे फार उपयोगी पडला, सांगतो.

खरं तर सगळ्यात शहाणपणाचा मार्ग म्हणजे दोन सेट ठेवायचे, उन्हाळ्याला समर आणि थंडीला खरे विंटर टायर वेगळ्या रिमवर. गाड्यांची हौस असलेले लोक इथे हेच करतात आणि मला मनापासून पटतंही. पण आमचं टाउनहाउस, एक गाडीचं गॅरेज, त्यात मुलांच्या सायकली, बर्फ ढकलायचं मशीन, आणि गणपतीच्या डेकोरेशनचे खोके, चार टायर ठेवणार कुठे. शिवाय घरात बायकोची होंडा सीआर-व्ही आहे, ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणजे चारही चाकांवर चालणारी, खूप बर्फ पडला की तीच बाहेर काढतो नाहीतर घरूनच काम. म्हणजे मला जीटीआय भरपूर बर्फात चालवायचीच नव्हती. अचानक दोन-तीन इंच पडला तर ऑफिसातून घरी आणता आली पाहिजे, बस. म्हणजे ऑल-सीझन, बारा महिने एकच टायर.

मग घराजवळच्या एका टायरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने कॉम्प्युटरवर साइज टाकली आणि लगेच एक ऑल-सीझन दाखवला, भाव चांगला, वॉरंटी लांबलचक. पण तो टूरिंग टायर होता, एच स्पीड रेटिंगचा. इथे गोंधळ असा की ऑल-सीझन या एकाच नावाखाली सगळं विकलं जातं, फॅमिली गाडीचा मऊ, शांत, खूप टिकणारा टायरही ऑल-सीझन आणि स्पोर्टी गाडीसाठीचा अल्ट्रा हाय परफॉर्मन्सवालाही ऑल-सीझन, आणि साइज दोघांची तीच. माझ्या टायरवर लिहिलंय २२५/४० आर १८, ९२ वाय. २२५ मिलिमीटर रुंदी, त्याच्या ४० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर साइडवॉल (टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची), १८ इंची रिम, ९२ म्हणजे एका टायरवर ६३० किलोपर्यंत वजन, आणि वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतचं रेटिंग. एच म्हणजे २१०. आता इथल्या टर्नपाइक हायवेवर ३०० ने कोण जाणारे, लिमिटच ६५ मैल. पण रेटिंग नुसतं वेगाचं नसतं, टायर उष्णता किती सहन करतो, आतली बांधणी किती घट्ट आहे ते त्यातून कळतं, आणि ते स्टिअरिंगमध्ये जाणवतं. त्याला म्हटलं वाय किंवा त्याच्या खालचं डब्ल्यू दाखव. मग त्याने स्वस्तात एक सेट काढला आणि मी साइडवॉलवरचा डॉट नंबर बघितला, म्हणजे टायर कधी बनला ते सांगणारा कोड, शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, तर माल दोन वर्षांहून जुना निघाला. स्वस्ताचं कारण कळलं. थँक्यू म्हणून बाहेर.

घरी येऊन यादी केली आणि खरी लढत दोघांचीच उरली, मिशेलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ आणि कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस०६ प्लस. पिरेली पी झीरोचा ऑल-सीझनही बघितला पण का कोण जाणे मन बसलं नाही. मिशेलिनचाच क्रॉसक्लायमेट २ मात्र बरेच दिवस डोक्यात होता, कारण त्याच्यावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असतं, जे या दोघांवर नाही, यांच्यावर नुसतं एम प्लस एस, म्हणजे चिखल आणि बर्फ. एम प्लस एस हे फक्त नक्षीच्या भूमितीवरून कंपनी लिहू शकते, त्याला बर्फातली परीक्षा लागत नाही. डोंगराचं चिन्ह मिळवायला दाबलेल्या बर्फावर चाचणी द्यावी लागते. पण तीही चाचणी पुढे जाण्याच्या पकडीची, ब्रेक मारल्यावर किंवा वळणावर काय होईल ते त्यात नाही, आणि काळ्या बर्फाचं, म्हणजे रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या पातळ थराचं, तर काहीच नाही. क्रॉसक्लायमेटची माझ्या साइजमध्ये जी मिळत होती तिचं स्पीड रेटिंगही वायच्या खालचं होतं. मी विचार केला, जीटीआय घ्यायची आणि तिला फॅमिली गाडीचं स्टिअरिंग द्यायचं, मग जीटीआय घेतली कशाला? हे माझं मत हां, पेनसिल्वेनियात पोकोनोच्या डोंगरात राहणाऱ्याने मुकाट्याने क्रॉसक्लायमेट घ्यावा.

आता या दोघांत निवडायचं कसं. पहिली दोन संध्याकाळ आकडे बघण्यात घालवल्या. मिशेलिनला ट्रेडवेअर (टायर किती टिकेल त्याचा आकडा) ५४०, कॉन्टिनेंटलला ५६०, दोघांना ट्रॅक्शन म्हणजे पकड एए आणि टेंपरेचर म्हणजे उष्णता सहन करणं ए. वॉरंटी मिशेलिनची ४५,००० मैल, कॉन्टिनेंटलची ५०,००० मैल. वाटतं की झालं, कॉन्टिनेंटल जास्त टिकतो. पण ट्रेडवेअरचा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच टेस्ट करून स्वतःच देते, त्यामुळे एका कंपनीचा ५४० आणि दुसरीचा ५६० शेजारी ठेवून काही कळत नाही, एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला ठीक. आणि एए म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावरची पकड, ओल्या वळणाचं त्यात काही नाही. वॉरंटीचंही बारीक अक्षरात वाचलं तर नवा टायर फुकट देत नाहीत, जेवढे मैल कमी पडले तेवढ्या प्रमाणात पुढच्या टायरवर सूट, आणि तीही वेळच्या वेळी रोटेशन, म्हणजे पुढच्या-मागच्या टायरांची अदलाबदल, केल्याच्या पावत्या दाखवल्या तरच. म्हणजे पाच हजार मैलांचा फरक हा काही निर्णय घ्यायचा मुद्दा नाही.

मग टेस्ट वाचल्या. इंडियानातल्या साउथ बेंडची टायर रॅक कंपनी एकाच गाडीवर वेगवेगळे टायर लावून कोरड्यात, ओल्यात आणि बर्फात चालवून बघते, ते वाचायला मला आवडतं, पण त्यांच्या गाड्या बहुतेक बीएमडब्ल्यू, मागच्या चाकांवर चालणाऱ्या. माझ्या गाडीचं जास्त वजन पुढे, ओढणारी, वळवणारी, ब्रेकचा जास्त भार घेणारी सगळी कामं पुढच्याच दोन टायरांकडे. तरी एकंदर सूर सगळीकडे सारखाच: मिशेलिन जास्त धारदार, ओल्यात फार भारी, स्टिअरिंगला चटकन उत्तर देतो, आणि महाग. कॉन्टिनेंटल जरा मऊ, आरामशीर, बर्फात बरा, आणि स्वस्त. ऑफिसमधल्या एका मित्राच्या होंडा सिव्हिक एसआयला मिशेलिन आहेत, त्याने चावी दिली, रूट १ वरून एक चक्कर मारली. गाडी वेगळी त्यामुळे सरळ तुलना नाही करता येत पण टायर छान आहे याबद्दल वादच नाही. आणि त्याचबरोबर प्रत्येक खड्डा कमरेपर्यंत पोचला, तेही खरं.

खड्ड्यांचं बोललंच पाहिजे. इथे अमेरिकेत रस्ते गुळगुळीत असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी मार्चमध्ये न्यू जर्सीत यावं. थंडीत डांबराच्या फटीत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं, असं महिनाभर झालं की डांबर उखडतं. ९० मिलिमीटरच्या साइडवॉलने हे झेलायचं म्हणजे रिमचीच परीक्षा. मी तर १७ इंची रिमवर जायचाही हिशोब केला, २२५/४५ आर १७ घातला तर चाकाचा एकूण व्यास ६३४ मिलिमीटर होतो, माझा आत्ताचा ६३७, म्हणजे स्पीडोमीटरला फारसा फरक नाही आणि साइडवॉल १०१ मिलिमीटर मिळते. आयडिया खरंच चांगली आहे. पण चार रिमचा खर्च आणि ब्रेक कॅलिपरला घासणार नाहीत याची खात्री करत बसणं, शेवटी सोडून दिलं.

निर्णय शेवटी वर्षाकडे बघून झाला. मी कागदावर लिहिलं, माझ्या गाडीचं वर्ष कसं जातं. खूप बर्फाचे दिवस, गाडी घरी. कडक उन्हाचे दिवस, दोन्ही टायर माझ्या लायकीपेक्षा जास्त चांगले. उरले ते थंड आणि ओले दिवस, नोव्हेंबर ते एप्रिल, ३८-४० फॅरेनहाइट, रिमझिम, अंधार, २८७ हायवेवर पुढचा अचानक ब्रेक मारतो. आणि हे दिवस इथे भरपूर. यात दोघंही वरच्या नंबरातले, मिशेलिन कदाचित थोडा पुढे. मग उरले खड्डे, आराम आणि पैसे, आणि या तिन्हीत कॉन्टिनेंटल. मला मिळालेल्या भावात चार टायरमागे शंभर डॉलरच्या वर फरक पडत होता, त्यात चाकांचं अलाइनमेंट होऊन जातं. गाडी रेस ट्रॅकवर जात असती तर मिशेलिनच घेतला असता, आणि रस्त्यावरच जायची असली तरी ज्याला पैशाचं काही नाही त्याला मी आजही मिशेलिनच सांगेन.

ऑर्डर ऑनलाइन केली, टायर थेट फिटिंगच्या दुकानात पाठवायला सांगितले. बिलात न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स आणि वर प्रत्येक नव्या टायरमागे दीड डॉलरची सरकारी फी, ती बघून हसू आलं. दुकानात आधी चारही डॉट नंबर बघितले, ताजे होते, मग फिटिंग. हे टायर असिमेट्रिक असतात, आतली आणि बाहेरची नक्षी वेगळी, साइडवॉलवर तसं लिहिलेलं असतं. गाडी बाहेर आली आणि मी सवयीने चारी बाजूंनी फिरलो तर मागचा डावा उलटा बसवलेला, आतली बाजू बाहेर! त्या पोराला दाखवलं, तो काही न बोलता गाडी परत आत घेऊन गेला, काढून सरळ बसवला, परत बॅलन्सिंग केलं. त्यामुळे सांगतो, पैसे देण्याआधी एक चक्कर माराच. आणि फोक्सवॅगनला नट नसतात, बोल्ट असतात, ते १२० न्यूटन मीटरला घट्ट करायचे, पन्नास-शंभर मैल झाले की घरी टॉर्क रेंच लावून परत बघितले. स्क्रीनवर जाऊन टायर प्रेशरची सिस्टिम सेट करायची, कारण माझ्या गाडीत चाकात सेन्सर नाहीत, एबीएसवरून चाकांच्या फिरण्याचा वेग बघून ती हवा कमी झाल्याचं ओळखते, नवीन टायर घातले की तिला नव्याने शिकवावं लागतं.

पहिले पाचशे मैल सांभाळून चालवली, साच्यातून काढताना लावलेला निसरडा थर जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. पहिल्यांदा जाणवलं ते शांतपणा आणि दुसरं म्हणजे स्टिअरिंग मधोमध जरा ढिलं. समर टायरनंतर हे होणारच माहीत होतं तरी पहिला आठवडा चुकचुकलो. दारावरच्या स्टिकरवर लिहिलेल्या हवेपेक्षा दोन पीएसआय वाढवली, बरंच सुधारलं. थंडीतल्या पावसात मात्र गाडी बदलली म्हणावं इतका फरक, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला तरी चाकं फिरत नाहीत, ट्रॅक्शनचा दिवा आधी सारखा डोळे मारायचा तो आता गप्प असतो. एकदा ऑफिस सुटता सुटता बर्फ सुरू झाला, रूट २७ पांढरा, चढावरच्या सिग्नलला निघताना मागची एक महागडी स्पोर्ट्स सेडान जागेवर घसरत होती आणि मी हळूहळू पण निघालो. थांबायला मात्र अंतर लागतंच, तिथे विंटर टायरची सर नाही.

या टायरच्या नक्षीत डी, डब्ल्यू आणि एस अशी अक्षरं कोरलेली आहेत, ड्राय, वेट आणि स्नो. झिजता झिजता आधी एस जातो, म्हणजे बर्फातलं काम संपलं, मग डब्ल्यू. नाणं घालत बसायला नको, मुलगाच गॅरेजमध्ये वाकून सांगतो, बाबा, एस अजून आहे. सध्या चारही टायरांवर आहे, पुढच्यांवर जरा पुसट. रोटेशनची वेळ झालीये, मागचे पुढे येतील, आणि पावती डॅशबोर्डच्या कप्प्यात बाकीच्या पावत्यांबरोबर.