मासमध्ये एम प्लस दिसत नाही म्हणून रिपोर्ट अडला: माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टला असिटोफिनोनवर ग्रिन्यार्ड (नवा कार्बन-कार्बन बंध जोडणारी अभिक्रिया) करून २-फिनाइल-२-ब्युटॅनॉल (आण्विक वस्तुमान १५०) बनवलं, एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चाचणी) स्वच्छ आला, आता फक्त मास (रेणूचं आणि त्याच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजणारी चाचणी) हवं होतं. फॉर्म, सरांची सही, फी सगळं पटापट झालं. अडलं ते रिपोर्टवर.

जीसी-एमएसच्या (नमुन्यातले घटक वेगळे करून मास घेण्याची पद्धत) रिपोर्टवर शेरा मारलेला, "१५० चा पीक नाही, कंपाउंड कन्फर्म नाही". अहो, टर्शरी अल्कोहोलचा (ओएचवाल्या कार्बनला तीन कार्बन जोडलेले असतात तो) एम प्लस, म्हणजे अख्ख्या रेणूचा आयन, ईआयमध्ये (इलेक्ट्रॉनचा मारा करून आयन बनवण्याची पद्धत) बहुतेक वेळा दिसतच नाही! सेंद्रिय रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला साधारण ८ ते ११ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात आणि मशीनमध्ये इलेक्ट्रॉन येतात ७० चे, मग जास्तीच्या एनर्जीतली थोडी आयनमध्येच राहते आणि ओएचवाल्या कार्बनलगतचा बंध इतक्या चटकन तुटतो की अख्खा आयन डिटेक्टरपर्यंत पोचत नाही. माझ्या स्पेक्ट्रममध्ये सगळं होतं की. सगळ्यात उंच पीक १२१, म्हणजे १५० मधून इथाइलचे २९ गेले. १३५ बारीकसा, कारण मिथाइलपेक्षा मोठा गट आधी सुटतो. पाणी गेलेला १३२. आणि १२१ मधून बेंझीन निघून उरलेला ४३.

हे पेन्सिलने खुणा करून खिडकीवर दाखवलं तर उत्तर काय, "आम्हाला १५० दिसला पाहिजे, दुसरी पद्धत हवी तर नवीन फॉर्म भरा". नवीन फॉर्म म्हणजे परत सही, परत फी, परत रांगेत शेवटचा नंबर, आणि सर नेमके कॉन्फरन्सला गेलेले, सबमिशनची तारीख डोक्यावर. फॉर्ममध्ये "अपेक्षित आण्विक वस्तुमान" असा रकाना आहे, पण तो आयन टिकणारा आहे का हे लिहायला जागाच नाही, त्याचा मला अजून राग येतो. ज्यांचं कंपाउंड असं नाजूक आहे त्यांनी रकान्याखालीच ठळक लिहा, "टर्शरी अल्कोहोल, ईआयमध्ये एम प्लस अपेक्षित नाही, ईएसआय करावे" (ईएसआय म्हणजे द्रावणाचा फवारा करून रेणू न तोडता आयन बनवण्याची हळुवार पद्धत).

शेवटी ईएसआय झालं. १७३ चा पीक दिसला, १५० अधिक सोडियमचे २३, आणि मला इतकं हायसं वाटलं की तिथल्या तिथे घरी फोन केला. फॉर्मिक अ‍ॅसिड घालू नका असं आधीच सांगून ठेवलं होतं, कारण अ‍ॅसिडमध्ये असं अल्कोहोल पाणी टाकतं आणि १३३ दिसतो, मग परत तोच वाद. हायरेझमध्ये (वस्तुमान चार दशांशांपर्यंत मोजणारं मास) सोडियमवाल्या आयनचं गणित १७३.०९३७ येतं, ते थीसिसमध्ये लिहायला विसरू नका.

तुमच्या रेणूत ब्रोमीन असेल तर काम सोपं, दोन युनिटच्या अंतरावर जवळपास सारख्या उंचीची जोडी दिसते, क्लोरीनच्या जोडीत उंची तीनास एक.

आणि हो, सॅम्पल काचेच्याच वायलमध्ये द्या. प्लास्टिकमधून थॅलेट (प्लास्टिक मऊ करायला घालतात ते रसायन) उतरतं, त्याचा पीक १४९ ला येतो, आणि १५० शोधताना तो शेजारी दिसला की समोरच्याला समजावता समजावता नाकी नऊ येतात.