शाळा क्वेकर, मग क्वेकर घरं दूर का?

क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेला, युद्धाला विरोध करणारा ख्रिस्ती पंथ; त्याचे लोक स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणवतात. अमेरिकेतल्या क्वेकर बोर्डिंग शाळांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: शाळा क्वेकरांनीच काढलेली, मग क्वेकर कुटुंबांना ती आपली वाटावी म्हणून वेगळे प्रयत्न कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रयत्न करावे लागतात, कारण या बहुतेक शाळांत आता क्वेकर घरांतली मुलं थोडी असतात. सुरुवात तशी नव्हती. पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी 1668 साली लंडनजवळ शाळा काढायला सुचवलं, ते मुलींसाठीही. इंग्लंडमधल्या यॉर्कशरची ॲकवर्थ शाळा 1779 साली सुरू झाली, ती ऐपत नसलेल्या क्वेकरांच्या मुलामुलींसाठी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली वेस्टटाउन शाळा 1799 ची. फिलाडेल्फियाच्या फ्रेंड्सनी ती मुद्दाम शहरापासून घोडागाडीने दिवसभराच्या अंतरावर बांधली, मुलं शहराच्या वाऱ्यापासून दूर राहावीत म्हणून. कारभार क्वेकरांच्याच समितीकडे असे. आज विश्वस्त मंडळात क्वेकर असतात, पण दुसऱ्या राज्यातल्या पालकांना त्यातलं एकही नाव माहीत नसतं. त्यात फी भरमसाट. शाळेचं छापील मासिक घरी येतं, सोबत देणगीचं पाकीट येतं, आणि संबंध तिथेच संपतो.

माझं ठाम मत असं की शाळेने घराशी थेट नातं जोडायच्या आधी त्या घराच्या मीटिंगशी जोडावं. मीटिंग म्हणजे एका गावातल्या किंवा भागातल्या क्वेकरांचा समुदाय. रविवारी मूक उपासना, महिन्यातून एकदा कामकाजाची सभा. पुष्कळ मीटिंगांत पगारी धर्मगुरू नसतो. सभा चालवणाऱ्याला क्लर्क म्हणतात, मतदान होत नाही, सगळ्यांचा कल एका दिशेला आला की क्लर्क तो ठरावाच्या रूपात लिहून वाचून दाखवतो. मुलगा चौदाव्या वर्षी बोर्डिंगला जातो तेव्हा त्याचं माहेर म्हणजे हीच मीटिंग. तिला शाळेची खबर नसेल तर आईवडील एकटे पडतात.

सुरुवात प्रवेश अर्जापासून होते. ‘धर्म कोणता?’ असा रकाना उपयोगाचा नाही. ‘तुम्ही क्वेकर सदस्य आहात का?’ हाही नाही, कारण वर्षानुवर्षं मीटिंगला येणारी पण रीतसर सदस्य न झालेली पुष्कळ कुटुंबं असतात आणि ती या प्रश्नात गळतात. ‘तुमचं कुटुंब एखाद्या मीटिंगला जातं का? कोणत्या?’ एवढं विचारावं. खाली परवानगीची ओळ हवी: ‘तुमचं मूल इथे आहे हे आम्ही त्या मीटिंगला कळवू का?’ आणि ही परवानगी मुलाचीही घ्यायची. काही मुलांना चार वर्षं कुणाच्या नजरेत राहायचं नसतं, त्यांचा तो हक्क आहे.

मग शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात क्लर्कला कागदी पत्र. त्यात मुलाचं नाव, शाळेत कुणाशी बोलायचं त्या व्यक्तीचा नंबर, आणि मीटिंगच्या लोकांनी येऊन उपासनेला बसावं अशा दोन-तीन तारखा. पैशांचा उल्लेख या पत्रात एका शब्दानेही नको. ते कामकाजाच्या सभेच्या आठवडाभर आधी पोचलं पाहिजे, नाहीतर वाचायला पुढचा महिना उजाडतो. इथे सगळ्यात जास्त काय बिघडतं? क्लर्क दर काही वर्षांनी बदलतो आणि शाळेची पत्रं जुन्या क्लर्कच्या घरी जात राहतात. दर उन्हाळ्यात यादी ताजी करणं हे कंटाळवाणं काम कुणा एकाच्या नावावर लिहून ठेवावं, नाहीतर ते होत नाही.

मीटिंगमध्येही एक माणूस ठरलेला हवा, आईवडील सोडून. वाढदिवसाला कार्ड, परीक्षेच्या आठवड्यात खाऊचा डबा, मधूनच दोन ओळींचं पत्र, इतकंच त्याचं काम. मूल सुट्टीला घरी आलं की त्याला उभं करून ‘शाळेचा अनुभव सांग’ म्हणू नये. ते ‘छान आहे’ म्हणून खाली बसतं आणि पुढच्या सुट्टीत यायचं टाळतं. त्यापेक्षा सगळे घरून पदार्थ आणतात त्या जेवणात त्याला एखाद्या आजोबांशेजारी बसवा, किंवा लहान मुलांच्या रविवारच्या वर्गात मदतीला घ्या. मग ते आपणहून बोलतं.

शाळेच्या बाजूनेही एक चूक वारंवार होते. वर्गात युद्धविरोधाचा विषय निघाला की शिक्षक त्या एका क्वेकर मुलीकडे वळून विचारतात, ‘क्वेकरांचं म्हणणं काय?’ पंधरा वर्षांच्या मुलीवर साडेतीनशे वर्षांचं ओझं टाकू नये. तसंच उपासनेचं. अर्धा-पाऊण तासाच्या शांततेत कुणी सूचना वाचायला लागलं की क्वेकर पालकांना ते सगळ्यांत आधी खुपतं. सूचना हस्तांदोलन करून उपासना संपल्यावरच द्याव्यात. आणि जवळच्या मीटिंगमधले चार-पाच मोठे फ्रेंड्स आले तर त्यांना समोरच्या बाकांवर ओळीने न बसवता मुलांमध्ये पसरून बसू द्यावं. शांत कसं बसायचं हे मुलं शेजारच्याकडून शिकतात, समोरच्याकडून नाही.

दूरच्या पालकांना शाळेतल्या पालक-भेटीला येणं जमत नाही. त्यांच्या मुलांसाठी जवळच्या मीटिंगमधली यजमान घरं शोधावीत. एका घरी एका वेळी दोन मुलं पुरेत: रविवारी उपासना, दुपारचं जेवण, अंधार पडायच्या आत परत. त्या घरातल्या प्रत्येक प्रौढाची पार्श्वभूमी-तपासणी झालीच पाहिजे, कितीही जुनी ओळख असली तरी. तिला आठवडे लागतात, म्हणून शोध उन्हाळ्यातच सुरू करावा.

पण नातं सगळ्यात पक्कं होतं ते हाताने काम केल्यावर. आयोवातल्या वेस्ट ब्रँचची स्कॅटरगुड शाळा 1890 साली सुरू झाली आणि 1931 मध्ये बंद पडली. 1939 ते 1943 या काळात तिच्या इमारतींत युरोपातून नाझींपासून निसटून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला. ओस पडलेली जागा राहण्याजोगी करायला फ्रेंड्स स्वतः राबले. 1944 मध्ये तिथे पुन्हा शाळा भरली. सेवाग्रामची नई तालीम, म्हणजे हाताने काम करत शिकायची गांधीजींची पद्धत, माहीत असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, आणि तिथे काम केलेल्या मार्जरी साइक्स क्वेकरच होत्या.

म्हणून वर्षातून एक श्रमदिन ठेवावा, शनिवारी सकाळी दहा ते दुपारी तीन. कामं आदल्या दिवशी नक्की हवीत: कुंपणाला रंग, बागेतलं तण, वाचनालयातल्या पुस्तकांची डागडुजी. हातमोजे आणि अवजारं माणसागणिक हवीत, वयस्कर लोकांना बसून करता येईल असं काम हवं, आणि प्रत्येक गटात निम्मे विद्यार्थी. पाहुण्यांचा वेगळा गट केला की ते आपापसातच बोलतात. अवजारं कमी पडली की लोक हात बांधून उभे राहतात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत.

शिष्यवृत्तीसाठी मदत मागायची तर मीटिंगचं अंदाजपत्रक ठरायच्या आधी मागावी, म्हणजे पुढच्या शालेय वर्षासाठी निदान आदल्या शरद ऋतूत. गरजू कुटुंबाला स्वतः तोंड उघडावं लागू नये. शाळेने सर्वसाधारण विनंती करावी, कुणाच्या फीचे आकडे न देता.

शेवटचं, मोठ्या निर्णयांबद्दल. बोर्डिंग कमी करायचंय, जमीन विकायचीय, उपासनेचा वार बदलायचाय, असं काही असेल तर ते ठरल्यावर कळवून उपयोग नाही. मीटिंगांना प्रश्न निदान दोन महिने आधी पाठवावा. पहिल्या महिन्यात तो वाचला जातो, दुसऱ्यात त्यावर उत्तर तयार होतं. शक्य असेल तर शाळेत एक बैठक घ्यावी, जिथे काहीही ठरवायचं नाही, फक्त ऐकायचं. मग मंडळाने प्रत्येक मीटिंगला उलट लिहावं: तुमचं हे म्हणणं घेतलं, हे घेतलं नाही, आणि का. हे उत्तर गेलं नाही, तर शाळेचं पुढचं पत्र सभेत वाचलं जाईल, पण त्यावर कुणी बोलणार नाही.